नटी स्लॅक: रेशनबाहेरचा कोळसा

'नटी स्लॅक' हे नाव ऐकून तुम्हाला चॉकलेटचा एखादा प्रकार आठवला तर नवल नाही. हा कोळसा होता. खाणीतून आलेला दगडी कोळसा चाळला की वर मोठी ढेकळं राहतात, त्याखाली मधल्या आकाराचे तुकडे, आणि अगदी तळाशी चुरा. या चुऱ्याला म्हणायचे स्लॅक, आणि त्यात सुपारी-अक्रोडाएवढे खडे मिसळलेले असले की तो नटी. पीठ चाळून झाल्यावर कोंडा उरतो ना, तसलाच प्रकार. १९५२ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने हा काळा कोंडा रेशनमधून मोकळा केला: हवा तेवढा घ्या, स्वस्त आहे, कार्डावर नोंद नको.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी ५ तारखेला, लंडनवर धुकं उतरलं. ते उठलं मंगळवारी, ९ तारखेला.

एपिसोडमध्ये आम्ही या धुक्याबद्दल बराच वेळ बोललो, पण कोळशाच्या प्रतीचा मुद्दा दोन वाक्यांत उरकला. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा लेख. गरिबाला ऊब द्यायची म्हटल्यावर ती कुठल्या प्रतीची द्यायची, हा प्रश्न त्या आठवड्यात फार महाग पडला, आणि तुम्ही आज ज्या देशांत राहता त्यांतल्या काही ठिकाणी तो अजून मिटलेला नाही.

आधी एक अडचण. घर तापवणं ही कल्पनाच मराठीत नीट बसत नाही. आपल्याकडे शेकोटी आहे, शेगडी आहे, आंघोळीच्या पाण्याचा बंब आहे. पण अख्खं घर सहा महिने गरम ठेवायचं, आणि त्यासाठी दर आठवड्याला पैसे बाजूला काढायचे, हा खर्च आपल्या आजी-आजोबांच्या हिशेबाच्या वहीत कधी नव्हता. त्यामुळे १९५० च्या लंडनचं चित्र डोळ्यांसमोर आणायला जरा प्रयत्न करावा लागतो. बैठकीच्या खोलीत भिंतीत एक उघडी शेकोटी, तिच्यावर धुराडं. घरात तापलेली खोली तेवढी एकच. बाकी खोल्या थंडगार. उघड्या शेकोटीतली बहुतेक उष्णता धुराड्यातून सरळ आकाशात जायची. समोर बसलेल्याचे गुडघे भाजायचे आणि पाठ गारठायची.

आणि कोळसा रेशनवर होता. युद्ध १९४५ ला संपलं, पण घरगुती कोळशाचं रेशनिंग १९५८ पर्यंत चाललं. मांसाचं रेशनिंग १९५४ लाच उठलं होतं, म्हणजे ब्रिटिश माणसाला मटण मोकळेपणाने मिळू लागल्यावरही चार वर्षं कोळसा मोजूनमापूनच मिळत होता. खाणी १ जानेवारी १९४७ ला राष्ट्रीय मालकीच्या झाल्या, गावोगाव खाणींच्या दारांवर 'आता या जनतेच्या' अशा अर्थाच्या पाट्या लागल्या, आणि पुढच्याच महिन्यात कडाक्याच्या थंडीत कोळसा पोचेना म्हणून कारखान्यांची आणि घरांची वीज तोडावी लागली. त्या हिवाळ्याची धास्ती पुढच्या प्रत्येक सरकारला होती. पक्ष कुठलाही असो, शेकोटी विझली तर मतदार विसरत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

मग चांगला कोळसा जात कुठे होता? बराचसा जहाजावर. युद्धाचं कर्ज डोक्यावर होतं, परकीय चलन हवं होतं, आणि ब्रिटनकडे विकण्यासारखा जो माल होता त्यात उत्तम प्रतीचा कोळसा होता. हापूस पेटीत घालून निर्यातीला आणि डागी फळ गल्लीतल्या हातगाडीवर, हे गणित आपल्याला नवीन नाही. फरक इतकाच की डागी आंब्याने फार तर पोट बिघडतं.

इथे थोडं रसायन समजून घ्यायला हवं, कारण 'वाईट कोळसा' म्हणजे कमी ऊब देणारा कोळसा एवढंच नसतं. घरात जाळायच्या साध्या दगडी कोळशात बराच भाग सहज वायू होऊन उडणारा असतो, साधारण एक तृतीयांश धरा. आग चांगली धगधगत असेल आणि हवा भरपूर मिळत असेल तर तो भागही ज्योतीत जळून जातो. आग धुमसत असेल तर तोच भाग न जळता डांबर आणि काजळी होऊन वर निघतो. अँथ्रसाइट नावाच्या कठीण कोळशात हा उडणारा भाग फार कमी, म्हणून त्याचा धूरही कमी. पण तो पेटायला हट्टी, उघड्या शेकोटीत धड जळत नाही.

आता चुरा घ्या. चुऱ्याचे कण एकमेकांना चिकटून बसतात, मधून हवा जात नाही, म्हणजे आग धुमसणारच. त्यात लोकांची वापरायची पद्धत अशी की रात्री झोपताना आगीवर ओलसर चुरा थापायचा, म्हणजे ती सकाळपर्यंत मंद जिवंत राहते आणि काडी वाचते. युक्ती अगदी शहाणपणाची आहे. आपल्याकडेही कोळशाची भुकटी शेण-मातीत कालवून, गोळे थापून, उन्हात वाळवून शेगडीत घालायचे. काटकसरीची बुद्धी सगळीकडे सारखीच चालते. पण एका शहरात लाखो शेकोट्या रात्रभर अशा धुमसू लागल्या, आणि वर हवेनं झाकण घातलं, तर काय होईल?

झालं ते असं. लंडनवर उच्च दाबाचा पट्टा स्थिरावला. वारा पडला. जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्या वर उबदार हवेचा थर, असं उलटं झालं. धूर वर जायचा थांबला आणि रस्त्यांवर साचू लागला. थंडी असल्यामुळे लोकांनी आणखी कोळसा घातला. ब्रिटिश हवामान खात्याच्या आकड्यांनुसार त्या दिवसांत रोज सुमारे १,००० टन धुराचे कण आणि ३७० टन सल्फर डायऑक्साइड हवेत जात होता, आणि त्या सल्फरचं सुमारे ८०० टन गंधकाम्ल बनत होतं. रोज. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा मध्येच थांबवावा लागला, कारण धुकं आत शिरलं होतं. अर्ल्स कोर्टला भरलेल्या गुरांच्या प्रदर्शनात काही जनावरं गुदमरून मेली. या गोष्टी सगळीकडे सांगितल्या जातात, 'द क्राउन' मालिकेत तर या धुक्यावर पूर्ण भाग आहे. (मालिकेत दाखवलाय तेवढा राजकीय गदारोळ त्या आठवड्यात प्रत्यक्षात झाला नाही, आणि चर्चिल यांची ती तरुण सेक्रेटरी काल्पनिक आहे.) माणसं मरत होती हे मात्र त्या चार-पाच दिवसांत फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. ती घरात, बिछान्यात, खोकत गेली. बहुतेक म्हातारी, आधीपासून छातीचा आजार असलेली, नाहीतर अगदी तान्ही.

मृत्यूंची नोंदणी जुळवल्यावर आकडा दिसला. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहद् लंडनमध्ये ४,७०३ मृत्यू नोंदले गेले. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात ते १,८५२ होते. सरकारने पुढे जादा मृत्यू सुमारे ४,००० धरले. जानेवारी-फेब्रुवारीतही मृत्यू जास्तच राहिले, पण ते इन्फ्लुएंझाच्या खात्यावर टाकले गेले. जवळजवळ ५० वर्षांनी डेव्ह्रा डेव्हिस आणि मिशेल बेल या संशोधकांनी तोच हिशेब पुन्हा मांडला. तेवढ्या मृत्यूंसाठी फ्लूची साथ केवढी मोठी असायला हवी होती, आणि ती तशी नव्हती, हे दाखवून त्यांनी आकडा १२,००० च्या आसपास नेला.

सगळा दोष नटी स्लॅकवर टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळायला हवा. वीजकेंद्रं होती, कारखाने होते, रेल्वेची इंजिनं होती, त्याच वर्षी ट्रॅम बंद होऊन त्यांच्या जागी डिझेलच्या बस आल्या होत्या. आणि चुरा मोकळा होऊन जेमतेम आठवडा झाला होता, तेवढ्यात शहराची हवा एकट्याने बिघडवणं शक्य नाही. पण धोरण म्हणून त्या निर्णयाकडे पाहा. सरकारपुढे दोन गोष्टी होत्या: लोकांना थंडी वाजते, आणि चांगला कोळसा द्यायची तयारी नाही. उत्तर निघालं की वाईट कोळसा हवा तेवढा देऊ. ज्याच्याकडे गॅसची किंवा विजेची शेगडी होती, किंवा कोक जाळणारा बंद स्टोव्ह होता, त्याला या औदार्याची गरजच नव्हती. गरज कुणाला होती हे सांगायला नको.

तसं पाहिलं तर गरिबाच्या कोळशात खोट असणं लंडनला नवीन नव्हतं. १८३० च्या दशकापर्यंत तिथे कोळसा वजनावर विकला जात नसे, मापाने विकला जाई, पायलीने धान्य मोजावं तसा. मोठं ढेकूळ फोडून बारीक केलं की तेवढाच कोळसा जास्त जागा व्यापतो, म्हणून व्यापारी तो फोडून विकायचे. नंतर वजन आलं. पण ११२-११२ पौंडांची पोती भरून ठेवायला तळघर लागतं आणि उन्हाळ्यात स्वस्ताईत खरेदी करायला हातात पैसे लागतात. एका खोलीत राहणारा मजूर हातगाडीवाल्याकडून बादलीभर घ्यायचा आणि पौंडामागे श्रीमंतापेक्षा जास्त मोजायचा. चर्चची आणि धर्मादाय संस्थांची कोळसावाटप होती, पण दान मिळालेल्या गाईचे दात मोजायचे नसतात.

धुक्यानंतर सरकार काय करत होतं? सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. गृहबांधणी खात्याचे मंत्री हॅरोल्ड मॅकमिलन यांनी १९५३ मध्ये मंत्रिमंडळासाठी लिहिलेलं एक टिपण नंतर उघड झालं. त्याचा आशय असा, की आपल्याला फार काही करता येणार नाही, पण आपण फार कामात आहोत असं दाखवता येईल, म्हणून एक समिती नेमू. हे गृहस्थ पुढे पंतप्रधान झाले. छातीच्या रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सरकारी मास्क देण्याचीही घोषणा झाली. मास्क म्हणजे जाळीदार कापडाचे थर, त्यांनी सल्फर डायऑक्साइड अडण्याची शक्यता शून्य.

गंमत अशी की देखाव्यासाठी नेमलेली समिती कामाची निघाली. तिचे अध्यक्ष सर ह्यू बीव्हर हे इंजिनिअर आणि गिनेस या बिअर कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर. 'गिनेस बुक ऑफ रेकॉर्ड्स'ची कल्पनाही यांचीच. त्यांनी कारखान्यांवर बोट ठेवून थांबायचं नाकारलं आणि नावडती गोष्ट सांगितली: देशातला जवळजवळ निम्मा धूर घरातल्या धुराड्यांतून येतो, जरी घरं कोळसा त्या मानाने फार कमी जाळतात. त्यावर ५ जुलै १९५६ ला 'क्लीन एअर अॅक्ट' आला. स्थानिक पालिकांना धूरमुक्त विभाग जाहीर करता येऊ लागले, आणि अशा विभागात जुनी शेकोटी बदलण्यासाठी खर्चाच्या ७० टक्के मदत मिळू लागली: ४० टक्के केंद्र सरकारकडून, ३० टक्के पालिकेकडून, उरलेले ३० टक्के घरमालकाचे.

हा कायदा मला मनापासून आवडतो, आणि त्यातली फट मला कायम खुपते. मदत शेकोटीला होती, कोळशाला नव्हती. शेकोटी एकदाच बदलायची. इंधन दर आठवड्याला लागतं. धूरविरहित इंधन महाग होतं आणि काही हिवाळ्यांत मिळायचंच नाही. हा फरक भरायचा कुणी? भाडेकरू म्हातारीने, स्वतःच्या पेन्शनमधून. १९६२ च्या डिसेंबरात लंडनवर पुन्हा तसंच धुकं आलं आणि पुन्हा शेकडो माणसं गेली. खरी सुटका झाली ती उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू घरोघर पोचल्यावर, १९६७ नंतरच्या दशकात.

आणि धूरविरहित इंधन बनत कसं होतं, हेही विचारून पाहा. कोळशातला उडणारा भाग आधीच काढून घ्यायचा, म्हणजे घरात धूर होत नाही. तो भाग काढायचा कुठे? वेल्समध्ये अबरकुमबॉय नावाचं गाव आहे. तिथे १९४२ पासून फर्नसाइट नावाच्या धूरविरहित विटा बनवणारा कारखाना होता. तो १९९० ला बंद पडला, आणि तोवर त्या दरीतली झाडं, भिंती, दोरीवरचे कपडे, सगळं काळं झालेलं असायचं. तिथल्या भट्ट्यांवर काम केलेल्या माणसांच्या फुप्फुसांच्या आजारांचा खटला २०१२ पर्यंत न्यायालयात चालला. लंडनचा धूर नाहीसा झाला खरा, पण त्यातला काही वेल्सला राहायला गेला होता.

खाणकामगारांचं वेगळंच. त्यांना पगाराबरोबर कोळसा मिळायचा, फुकट किंवा नाममात्र दरात, दारात आणून टाकलेला. तो त्यांचा हक्क होता आणि ते तो अभिमानाने जाळत. त्यामुळे धूरमुक्त विभाग करायला सगळ्यात जास्त खळखळ केली ती कोळसा पट्ट्यातल्या पालिकांनी. लंडनच्या डॉक्टरला हे आडमुठेपण वाटायचं. खाणीत उतरणाऱ्या माणसाला वाटायचं की आम्ही खोदलेलाच कोळसा आता आमच्या चुलीत चालत नाही म्हणे. मला दोघांचंही पटतं, आणि त्या पट्ट्यातली मुलं कुठल्या हवेत वाढली हे आठवलं की डॉक्टरचं थोडं जास्त पटतं.

आता आयर्लंडकडे या, कारण जो प्रश्न ब्रिटनने सोडून दिला तो तिथे नीट विचारला गेला. युद्धकाळात ब्रिटनने कोळसा पाठवणं आखडतं घेतलं तेव्हा डब्लिनने पीटवर, म्हणजे दलदलीत कापलेल्या वाळक्या सेंद्रिय मातीवर, हिवाळे काढले. फिनिक्स पार्कमधल्या मोठ्या रस्त्याच्या कडेने पीटच्या उंचच उंच राशी रचलेल्या असायच्या. गरीब कुटुंबांना तो सवलतीत मिळायचा. पण ताज्या कापलेल्या पीटमध्ये जवळजवळ ९० टक्के पाणी असतं, तो महिनोन्‌महिने वाळवावा लागतो, आणि घाईच्या दिवसांत तो ओलाच शहरात यायचा. वजनावर घेतलेल्या ओल्या पीटचे पैसे म्हणजे पाण्याचे पैसे. घरात त्याचा धूर व्हायचा, ऊब नाही.

पुढे डब्लिन पुन्हा कोळशावर गेलं आणि १९८० च्या दशकात तिथेही लंडनसारखी काळी धुकी पडू लागली. मंत्री मेरी हार्नी यांनी १ सप्टेंबर १९९० पासून शहरात धुराच्या कोळशाची विक्रीच बंद केली. जाळणाऱ्याला पकडत बसण्यापेक्षा विकणाऱ्याला थांबवणं सोपं, हे साधं शहाणपण. हवेतली काजळी सुमारे ७० टक्क्यांनी उतरली. 'लॅन्सेट'मधल्या २००२ च्या अभ्यासाने श्वसनाच्या आणि हृदयाच्या दोन्ही मृत्यूंत घट दाखवली. त्याच संशोधकांपैकी काहींनी नंतर आकडे पुन्हा तपासले तेव्हा श्वसनाची घट टिकली, हृदयाची मात्र एरवीही होतच होती असं दिसलं. पण मला सांगायची आहे ती याहून छोटी गोष्ट. बंदी घातलेल्या भागात इंधनभत्ता घेणाऱ्या गरीब कुटुंबांना आठवड्याला सुमारे तीन पौंड जादा मिळू लागले, युरो आल्यावर ३.९० युरो. चांगलं इंधन महाग आहे, तर वरचा फरक आम्ही देतो. लंडनच्या त्या पेन्शनवाल्या म्हातारीला १९५६ साली जे मिळालं नाही ते हेच. २००८ नंतरच्या मंदीच्या काटकसरीत तो जादा भत्ता बंद झाला. बंदी राहिली.

तुमच्यापैकी काहींना हे वाचताना रेशनच्या दुकानातलं निळं रॉकेल आठवलं असेल, निदान आईबाबांच्या तोंडून ऐकलेलं. ते घर तापवायला नव्हतं, स्टोव्ह आणि कंदिलासाठी होतं, पण कोडं त्याच जातीचं. सरकार ते फार स्वस्तात द्यायचं; डिझेल महाग. मग डिझेलमध्ये रॉकेल मिसळणाऱ्यांची चांदी. ओळखता यावं म्हणून रॉकेलला निळा रंग दिला. रंगाने चोरी थांबली नाही. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. स्वस्त इंधन आणि महाग इंधन यांच्यातल्या फरकावर केवढा धंदा उभा राहतो, ते तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. ब्रिटनमध्ये आणि आयर्लंडमध्ये कमी करातल्या डिझेललाही रंग घालतात, लाल किंवा हिरवा, आणि तो धुऊन काढणाऱ्या टोळ्या तिथेही आहेत.

वस्तूऐवजी रोख पैसे द्या, म्हणजे प्रतीचा प्रश्नच उरत नाही, असं अर्थशास्त्र शिकलेला मित्र तुम्हाला सांगेल. ब्रिटन बऱ्याच अंशी त्याच वाटेने गेला: १९९७ पासून वृद्धांना 'विंटर फ्युएल पेमेंट', आणि कडाक्याच्या थंडीत सलग सात दिवस सरासरी तापमान शून्यावर किंवा खाली राहिलं तर भत्तेदारांना २५ पौंड. माझा याला विरोध नाही. पण पैसे हातात आले की माणूस सगळ्यात स्वस्त इंधनच घेतो, आणि सगळ्यात स्वस्त इंधन कुठलं असेल हे दुकानात काय विकायला परवानगी आहे त्यावर ठरतं. इंग्लंडमध्ये घरगुती धुराच्या कोळशाची पिशवीबंद विक्री १ मे २०२१ ला थांबली आणि सुटी विक्री १ मे २०२३ ला. म्हणजे लंडनच्या धुक्यानंतर ७० वर्षांनी. ओल्या लाकडाच्या छोट्या पिशव्यांवरही बंदी आली. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या लाकडाच्या पिशवीवर २० टक्क्यांहून कमी ओलाव्याची खूण लागते. बादलीने घेणाऱ्याला महाग पडतं, हे मात्र तसंच आहे: तीच लाकडं ट्रकभर घेतली तर फार स्वस्त, पण ठेवायला शेड हवी.

आयर्लंडने ३१ ऑक्टोबर २०२२ पासून धुराच्या कोळशावरची बंदी देशभर नेली, आणि पीटपाशी अडखळला. ग्रामीण भागातले आमदार-खासदार पेटून उठले. शेवटी तोडगा असा निघाला की दुकानात, बाजारात किंवा जाहिरात देऊन पीट विकता येणार नाही, पण ज्याचा दलदलीत कापणीचा परंपरागत हक्क आहे तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊ-विकू शकतो. आणि ब्रिटनमधल्या निवृत्त खाणकामगारांना, त्यांच्या विधवांना, तो जुना हक्काचा कोळसा अजून मिळतो. खाणी बंद झाल्या, योजना चालू आहे. पोत्यात आता धूरविरहित इंधन असतं, आणि ज्यांच्या घरात शेकोटीच उरली नाही ते त्याऐवजी पैसे घेतात.